रमेशचं कुलूप

विजेच्या पॅनेलमधली धूळ आणि आमच्या कंपनीतले किस्से, दोन्हींची तऱ्हा एकच. शनिवारी ब्लोअर मारून सगळं लख्ख करावं, सोमवारी दार उघडलं की पुन्हा बोटभर थर! तीस वर्षं मी ती धूळ झटकली. आता रिटायर झालोय, हात रिकामे आहेत, म्हणून किस्से झटकत बसतो. माझं बोलणं सावकाश असतं, तेवढं सांभाळून घ्या.

कंपनी कापूरहोळजवळ. जनावरांचं खाद्य बनतं तिथं. इलेक्ट्रिकच्या मेंटेनन्सला आम्ही दोघं, मी आणि सोपान. सोपान वेल्ह्याकडचा, एका कानानं कमी ऐकणारा. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. फार वर्षांपूर्वी तो पंख्याचा पट्टा बदलत होता, आणि कुणीतरी ‘झालं असेल काम’ म्हणून स्विच टाकला. कुणी टाकला ते कळलं नाही. चौकशीत निघालं की, स्विच आपोआप चालू झाला!

तेव्हापासून त्याची बायको हिराबाई रोज दारातच त्याची बोटं मोजायची. “आठ. या आत.” एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो, तर चहाचा कप हातात देऊन म्हणाली, “भावजी, तुमी संगं असता. रिटायर हुईस्तवर एवढी आठ सांबाळा. लई न्हाई मागत म्या.”

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

*

पुढं कंपनीला आमच्या सुरक्षेची फारच काळजी वाटू लागली. म्हणजे ट्रेनिंग सुरू झालं.

पहिल्या ट्रेनिंगला पुण्याहून एक सर आले. चकचकीत बूट, लॅपटॉप, प्रोजेक्टर. विषय, ‘उघड्या वायरीपासून धोका’. प्रोजेक्टरला पिन नव्हती, म्हणून कुणीतरी दोन उघड्या वायरी बोर्डात खुपसून त्यात आगपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या.

सोपाननं हात वर केला. सर म्हणाले, “प्रश्न शेवटी!”

पाऊण तासानं बोर्डातून धूर निघाला, पडदा काळा झाला. सर अंधारात म्हणाले, “हां, तुमचा काय प्रश्न होता?”

“काय न्हाई सर,” सोपान म्हणाला. “सुटला.”

*

मग आले रबरी हातमोजे. शॉक लागू नये म्हणून. लगेच काचेच्या कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप, चावी स्टोअरकीपरकडं. मी मागायला गेलो तर तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही मी त्याचं लग्नातलं जाकीटच मागतोय.

“नाना, तुम्ही वापरले तर ऑडिटला नवे कसे दिसतील?”

मोजे अजून नवे आहेत. मी मात्र जुना झालो.

*

पॅनेलसमोर उभं राहायला जाड रबरी मॅट आली. दोन दिवस आम्ही तिच्यावर उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी मॅट गायब. शोधता शोधता ती मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये सापडली, त्यांच्या पायाखाली! फरशी गार लागते म्हणे.

सोपान म्हणाला, “बराबर हाय. हेड ऑफिसचा फोन आला की सायबांनाच जास्त शॉक बसतो.”

*

ट्रेनिंगची परीक्षाही झाली. मी चौथी पास, त्यामुळं प्रामाणिकपणे शेजारच्याचं बघून लिहिलं. पास झालो.

सोपान नापास! प्रश्न होता, ‘दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सर्वप्रथम काय कराल?’ सोपाननं लिहिलं, ‘स्विच बंद करून कुलूप लावीन, चावी खिशात ठेवीन.’ बरोबर उत्तर होतं, ‘सुपरवायझरला कळवीन.’

सर म्हणाले, “काका, थोडा अभ्यास करा.”

सोपाननं तीन बोटांचा तो हात पुढं केला. “केलाय सर. प्रॅक्टिकल.”

*

पण कुलपाची पद्धत शेवटी आली बरं का. आणि पद्धत खरंच चांगली. मेन स्विचच्या दांडीला सहा भोकांची कडी. जेवढी माणसं मशीनमध्ये उतरणार, तेवढी कुलपं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. शेवटचं निघेपर्यंत दांडी हलत नाही. प्रत्येक कुलपाला एक चिठ्ठी, तिच्यावर आपलं नाव.

चिठ्ठी कशी भरायची ते सरांनी पडद्यावर दाखवलं. नमुना म्हणून लिहिलं होतं, ‘रमेश, विद्युत विभाग’. वर बजावलं, “अगदी असंच लिहायचं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर ऑडिटला चालणार नाही!”

आम्ही आज्ञाधारक माणसं. सगळ्या कंपनीनं लिहिलं, ‘रमेश, विद्युत विभाग’. आमच्यात रमेश नावाचा एकही माणूस नव्हता.

ऑडिटला आलेल्या साहेबांनी चिठ्ठ्या पाहून शेरा मारला, ‘उत्तम शिस्त’. मग कोण बदलतंय?

*

सोपानच्या रिटायरमेंटला दोन महिने राहिले होते. त्या दिवशी मोठ्या मिक्सरची सफाई आणि आतल्या वायरिंगची दुरुस्ती होती. मिक्सर म्हणजे खोलीएवढा बंद लोखंडी डबा, आत माणसाच्या उंचीची पाती. आम्ही सहा जण उतरलो, सहा कुलपं लावली. सोपान सकाळपासून म्हणत होता, “मला हाफ डे हाय. भोरला बँकेत जायाचंय.”

जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही पाच जणांनी आपापली कुलपं काढली. एक राहिलं. सोपान दिसेना, खुंटीवर त्याची पिशवीही दिसेना. सगळे म्हणाले, चावी खिशात घालून गेला भोरला! मीही तेच म्हणालो. खोटं कशाला सांगू?

बाहेर ट्रक थांबलेले. मॅनेजर साहेब खाली आले, तापलेले. “फोन लावा त्याला!”

आमचे मोबाईल सुरक्षेसाठी गेटवर जमा असतात. फोन वॉचमननं उचलला. “मोबाईल हितंच हाय की, ड्रॉवरमधी.”

“बघा!” साहेब म्हणाले. “कुलूप विसरला, मोबाईलही विसरला. काय माणसं आहेत!”

गेटवरून जाताना मोबाईल न घेता कोण जातं?

“साहेब,” मी म्हणालो, “मोबाईल जर... गेटवर...”

“नाना, तुमचं वाक्य संपेपर्यंत शिफ्ट संपेल!”

कुलूप तोडायचं तर फॉर्म लागतो, त्यावर कुलूपवाल्याची सही. साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘कुलूपधारक रमेश. या नावाचा कर्मचारी कंपनीत नाही. सबब तोडण्यास हरकत नाही.’ खाली झोकदार सही!

कटर आला. ऑपरेटरचा एक हात दांडीवर होताच.

बोलून उपयोग नव्हता. जेवढं माझ्यानं पळवतं तेवढा मी पळालो, आणि मोठा पाना घेऊन मिक्सरच्या पत्र्यावर घातला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

कटरचे दात कुलपाला लागलेले तसेच राहिले.

आतून आवाज आला, “कोन हाय रं त्यो? चांगल्या कानाकडं ठोकतोय!”

झाकणातून आधी पिशवी बाहेर आली. ती बुडाखाली घेऊन तो आत निवांत वायर जोडत बसला होता. मग सोपान आला, डोक्यापासून पायापर्यंत भुशानं माखलेला. त्यानं दांडी बघितली, कटर बघितला, साहेबांच्या हातातला फॉर्म बघितला. मग खिशात हात घातला आणि तीन बोटांत धरून चावी पुढं केली.

“आवो सायेब, तोडता कशाला? चावी हाय की माज्याकडं!”