काळीपिवळीचं गाणं

रफीक गेल्याचं मला टीव्हीनं सांगितलं. त्याच्या घरून फोन आला तो नंतर, तोवर बातम्यांच्या पट्टीवर त्याचं नाव चार वेळा सरकून गेलं होतं. हॉलंडातल्या, जपानातल्या माणसांना कळलं तेव्हाच मलाही कळलं... आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, मी गेलो तर कॉलनीच्या फळ्यावर तरी कुणी दोन ओळी लिहील का? दीड महिना झाला. त्या विचाराची लाज वाटते, पण तो गेलेला नाही.

मी गंगापूरहून रोज शहरातल्या कॉलेजात यायचो. परतताना जीपच्या थांब्यावर रफीक भेटायचा. प्रवासी ओरडून गोळा करणं हे त्याचं काम. 'गंगापूर, गंगापूर, गंगापूऽऽर!' तिसरं गंगापूर तो असं काही वर न्यायचा की वाळूजला जाणारा माणूसही वळून बघायचा. मला बघितलं की म्हणायचा, "ए बीए, इकडं ये. शिकलेल्या माणसाला खिडकी." मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्याच वर्षाला होतो, पण त्यानं पदवी आधीच देऊन टाकली होती. लग्नसराईत तो आणि त्याचे तीन दोस्त ढोलकी, बँजो आणि एक जुना कीबोर्ड घेऊन वाजवायला जायचे. काळ्यापिवळ्या जीपांवरून त्यांनी नाव ठेवलं होतं, काळीपिवळी पार्टी.

एक दिवस म्हणाला, "पुकार माझी हाय, शब्द तू लिही." मी लिहिलं. त्यात मार्गस्थ पथिक होता, क्षितिज होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बीए, हे आपल्या जीपमधी बसायचं नाय. याला आभाळातलं इमान लागंल." मला राग आला. त्याच रागात, परतीच्या जीपमध्ये तेरा माणसांत दबून बसलेलो असताना, जे कानावर पडत होतं तेच वहीच्या मागच्या पानावर उतरवलं.

"सरका की मामा, सरका की आत्या,
मांडीवर घ्या वं भाजीच्या पाट्या,
जागा नाय आसं म्हनायचं नाय!"

दुसऱ्या दिवशी थांब्यावर रफीकनं ते म्हटलं, तर दोन ड्रायव्हर बॉनेट बडवायला लागले.

कॅसेट निघायची ठरली तेव्हा माझं एम.ए. झालं होतं आणि कॉलेजात मराठीच्या जागेसाठी मुलाखत होती. आमच्या घरात आजोबांचा अंगठा, वडिलांचाही अंगठा. सही करणारा मी पहिला. मुलाखतीत कुणी 'म्हनायचं नाय' माझ्यासमोर धरलं असतं तर? मी रफीकला गाठलं. "माझं नाव घालू नको. कुठंच. कुणाला सांगूही नको. शपथ घे." त्यानं विचारलं, "कायकू रे? गाणं वाईट हाय का?" मी म्हणालो, "भाषा गावठी आहे." त्यानं गळ्याला हात लावला. "खुदा कसम, नाय सांगणार."

नोकरी लागली. कॅसेट आधी इथल्या टपऱ्यांवर वाजली, मग दुबईला गेलेल्या पोरांनी ती तिकडं नेली. तिकडच्या कुण्या डीजेनं तिच्यावर नाचाचा ठोका चढवला आणि गाणं पार युरोपात पोचलं. एका सकाळी पेपरात फोटो आला. परदेशातल्या कालव्याच्या काठावर काळीपिवळी पार्टीचे चौघं, गळ्यात थांब्यावरचेच टॉवेल. खाली लिहिलं होतं की तिथं हजारो लोक गंगापूर, गंगापूर म्हणत नाचले. त्यातल्या एकालाही गंगापूर नकाशावर दाखवता आलं नसतं. मी जन्मलोय तिथं... पेपर घडी करून मी वर्गात गेलो आणि अलंकार शिकवले.

जळत होतो. दुसरा शब्द नाही. आमच्याच कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मुलींनी त्या गाण्यावर नाच बसवला, मी परीक्षक होतो. सगळं सभागृह उभं राहिलं आणि मी त्यांना तिसरा नंबर दिला. रफीकची मात्र एकही मुलाखत चुकवली नाही. शब्द कुणाचे, असं विचारलं की तो म्हणायचा, "दोस्त हाय एक. नाव सांगायचं नाय, कसम हाय." आणि हसायचा. घरी बसून मी वाट बघायचो की कधीतरी, एखाद्या वेळी, याच्या तोंडून निसटेल. इतक्या वर्षांत निसटलं नाही.

शेवटचा भेटलो तो मुकुंदवाडीच्या त्याच्या घरी. आवाज बसला होता, पायांना सूज होती. "बीए," तो म्हणाला, "उद्या पेपरवाले येनार हाईत. आता तरी सांगू का?" माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. पण मला वाटलं, यानं अजून एकदा विचारावं. अजून एकदाच. मी म्हणालो, "कशाला आता?" त्यानं मान हलवली. "बरं. तुझी मर्जी." आणि चहा मागवला.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेलो तर त्याची मुलगी यास्मिन दारात आली. "आओ प्रोफेसर चाचा." आत टीव्हीवर त्याच्यावरचा कार्यक्रम चालू होता, गाणं लागलं होतं, आवाज अगदी बारीक. गंगापूरची पुकार तशीच गेली. 'सरका की मामा' आलं तसं यास्मिननं उठून रिमोट घेतला आणि आवाज मोठा केला. कडवं संपलं, पुन्हा बारीक.

मी विचारलं, असं का?

"अब्बा की आदत. बोलते थे, अपना चिल्लाना तो कोई भी चिल्लाए, ये बोल सुनो. घर में सब को चूप बिठाते थे. अब हम भी वैसाच करते."

माझ्या तोंडातून गेलंच. "यास्मिन, ते मी लिहिलंय."

ती हसायला लागली. वाईट हेतू नव्हता तिचा. "कुछ भी, चाचा! आप तो हमारे 'नाय' बोलने पे टोकते थे. 'नाही' म्हणा, 'नाही' म्हणा."

आतून कुणीतरी तिला हाक मारली, ती ताटं घ्यायला गेली. कडवं पुन्हा आलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. उठलो, आवाज मोठा केला, आणि संपल्यावर बारीक केला... त्याच्यासारखा.