चारही उत्तरं बरोबर

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्याबरोबर बारा वर्षं एका डब्यात जेवले त्या शेजारच्या वर्गाच्या बाईंना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय, आणि निरोपाच्या भाषणांत लोक काय बोलणार ते मला आत्ताच पाठ आहे. 'तंत्रस्नेही शिक्षिका' हा शब्द चार-पाचदा तरी येईल. तो आला की मी खाली मान घालेन, आणि लोकांना वाटेल, बाई किती विनम्र.

तंत्रस्नेही म्हणजे काय, ते शाळेबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. ज्याला प्रोजेक्टर लावता येतो, मोबाइलवर धड्याचा व्हिडिओ करता येतो, आणि ऑनलाइन माहिती भरायच्या दिवशी अख्ख्या शाळेचे पासवर्ड ज्याच्या लक्षात असतात, तो शिक्षक. मी शहरात, सिडकोत राहते. शाळा जिल्हा परिषदेची, करमाडच्या पुढं आत — गावाचं नाव राहू द्या. रोजची ये-जा बसनं. त्या बसमध्ये खिडकीशी बसून, मोबाइलवर व्हिडिओ बघत मी हे सगळं शिकले. हौस होती. आणि हौसेपेक्षा जास्त, कौतुकाची चटक होती. ती होती हे मान्य करायलाही मला बरीच वर्षं लागली.

तर — शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं आमच्या शाळेला दहा टॅब दिले. अर्ज मीच लिहिला होता. पाचवीचा वर्ग माझ्याकडे, तिघा-चौघांत मिळून एक टॅब, पाळीपाळीनं आपापल्या नावानं सोडवायचं. पहिले काही दिवस पोरं आधी बोट चड्डीला पुसायची आणि मगच काचेला लावायची. मी त्यांच्यासाठी गणिताच्या चाचण्या बनवल्या. वर प्रश्न, खाली चार पर्याय. बरोबर पर्यायावर बोट ठेवलं की टाळ्या वाजायच्या आणि माझा आवाज यायचा, 'शाब्बास! एकदम बरोबर!' चुकलं की, 'पुन्हा विचार कर, बाळा.' दोन्ही वाक्यं मी शाळा सुटल्यावर खिचडीच्या खोलीत बसून रेकॉर्ड केली होती, कारण तिथं पंखा नव्हता.

त्या चाचण्या चांगल्या होत्या. हे मी बचाव म्हणून सांगत नाही; वाईट असत्या तर पुढचं सगळं इतकं वाईट ठरलं नसतं. फळ्यापाशी उभं केलं की थरथरणारी पोरं टॅबपुढं बिनधास्त चुकायची. चुकलं तर हसायला कुणी नाही, पुन्हा करायची मुभा. कुणाला काय येत नाही ते मला संध्याकाळच्या बसमध्ये यादीत दिसायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी तेवढंच पुन्हा शिकवायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला मुलांच्या डोक्यात डोकावता येत होतं. मग मी ते का बिघडवलं? — येते त्याच्यावर.

कंपनीचे मोठे साहेब वर्ग बघायला येणार असं ठरलं. साहेब खूश झाले तर बाकीच्या वर्गांनाही टॅब मिळणार होते. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, येता-जाता मला म्हणायचे, "मॅडम, आता इज्जत तुमच्या हातात." साहेबांपुढं पोरं टॅबवर अपूर्णांकांची चाचणी सोडवणार होती. नेमका अपूर्णांकांचा धडा माझाच हट्ट होता, कारण तो अवघड समजला जातो.

तीन दिवस आधी मी सराव घेतला. एक छेद पाच मोठा की एक छेद आठ? पाचवीच्या कुठल्याही वर्गात निम्मी मुलं एक छेद आठ म्हणतात, कारण आठ मोठा असतो. हे त्यांच्या डोक्यातून काढायला मी दरवर्षी पंधरा दिवस घालवते. त्या वर्षी डब्यातली भाकरी काढून तिचे आधी पाच आणि मग दुसरीचे आठ तुकडे करून दाखवले होते. तरीही त्या सरावात दहा टॅबमधून एकदम 'पुन्हा विचार कर, बाळा' सुरू झालं. एका खोलीत माझाच आवाज दहा ठिकाणांहून मलाच सांगत होता. पोरं खिदळली. मी नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एकटी वर्गात थांबले. चाचणी बनवताना बरोबर पर्यायापुढं खूण करायची असते. मी प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांपुढं खूण केली. दहा मिनिटांचंही काम नव्हतं. काहीही दाबा — शाब्बास. एका दिवसापुरतं, असं मी स्वतःला म्हटलं. साहेब गेले की पूर्ववत करू. कुणाचं काय नुकसान होतं?

आता सुजाताबद्दल सांगायला हवं. विहाराच्या मागं तिचं घर. वडील शेंद्र्यात कंत्राटावर कामाला, आई रोजानं शेतात. आईला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण रविवारी विहारात बायका जमल्या की ती सुजाताला उभी करून पुस्तक वाचायला लावायची आणि आपण एकेकीच्या तोंडाकडे बघत बसायची. पोरगी हुशार होती असं मी म्हणणार नाही, तो शब्द आम्ही शिक्षक फार स्वस्तात वाटतो. पटल्याशिवाय पुढं न जाणारी होती. भाकरीच्या दिवशी सगळ्यांनी मान डोलावली, ही एकटी म्हणाली, "मंजी खाणारे वाढले की तुकडा बारका व्हतो. व्हय ना, मॅडम?" मी तेव्हा तिला खरी शाब्बासकी दिली होती.

साहेब आले. व्हरांड्यात सत्कार चालू होता, पोहे फिरत होते. मी वर्गात पोरांना टॅब वाटून एकदा शेवटचं बघत होते. टाळ्या वाजत होत्या, सगळीकडून शाब्बास, शाब्बास. सुजाता टॅब घेऊन माझ्या टेबलाशी आली. चोरून नाही, वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, ह्ये बिघडलंय. म्या चुकून आठवालं दाबलं तरी शाब्बास म्हन्लं. मंग चारी दाबून पाह्यले. काय बी दाबलं तरी शाब्बासच म्हनतंय."

मला काय करता आलं नसतं? 'बरं, नंतर बघू' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सगळी पोरं हातातला टॅब सोडून आमच्याकडे बघायला लागली होती. आणखी कुणी चारही दाबून बघितले असते, साहेबांच्या देखत बोललं असतं — आणि व्हरांड्यातून मोठ्या सरांचा आवाज दारापर्यंत आलाच होता. मी म्हणाले, "मशीन चुकत नसतं. तुझंच चुकलं असेल."

ती म्हणाली, "नाय मॅडम. पाचवालाच मोठा हाय. तुमीच भाकरी करून दाखवली."

मग मी ते केलं जे सांगायला मला इतके परिच्छेद लागले. मी वर्गाकडे वळले आणि हसत विचारलं, "आठ मोठा की पाच?" सगळा वर्ग ओरडला, "आऽऽठ!" मी सुजाताकडे बघून म्हणाले, "मग? सगळ्या वर्गाला कळतं, तुला कळत नाही? बस खाली."

बघा — मी फक्त खोटं बोलले नाही. जी चूक मुलांच्या डोक्यातून काढण्यासाठी मला पगार मिळतो, तीच मी हातात घेतली आणि जिला ती चूक कळली होती तिच्यावर उगारली. पोरं हसली. त्यांना आनंद झाला, कारण त्यांचं तेच उत्तर होतं आणि आता मॅडमही तेच म्हणत होत्या. सुजाता रडली वगैरे नाही. तिनं हातातल्या टॅबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जागेवर जाऊन बसली.

पाच मिनिटांत साहेब आत. शाब्बासचा नुसता पाऊस. साहेब भले गृहस्थ होते, टॅबवर न थांबता मुलांना तोंडी विचारायला लागले. नेमके सुजाताजवळ थांबले. सांग बेटा, एक छेद पाच मोठा की एक छेद आठ? ती उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली, ओठ मिटून. साहेब म्हणाले, अगं, टॅबवर तर सगळी बरोबर दिलीस की! मी पुढं झाले आणि म्हणाले, "लाजते जरा." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या हाताचीही मला लाज वाटते. बोलण्यापेक्षा जास्त.

बाकीच्या वर्गांना टॅब मिळाले. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षकांपुढं माझं व्याख्यान झालं. चाचणी एका दिवसापुरती बदलली होती ना? ती मी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पूर्ववत केली नाही. प्रगतीचा आलेख वर पाठवला जात होता आणि तो एकदम खाली आला असता तर काय सांगणार होते? तेवढे दोन-अडीच महिने माझी पाचवी काहीही दाबत होती आणि शाब्बास ऐकत होती. सुट्टीत घरी बसून मी सगळ्या खुणा नीट केल्या, आणि सुट्टीनंतर वर्गाला अपूर्णांक पुन्हा शिकवले — उजळणी म्हणून. बाकीची मुलं सावरली. मुलं सावरतात. सुजाता वहीत उत्तर लिहायची आणि खोडायची, लिहायची आणि खोडायची. विचारलं तर म्हणायची, "तुमीच सांगा."

पण त्याआधीचं एक राहिलं. दिवाळीच्या आधीच तिची आई शाळेत आली होती. शेतातून थेट, पदर कमरेला खोचलेला. सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा असते. पोरगी निवडली गेली तर बारावीपर्यंतचं सगळं तिथंच होतं. आईला त्याचा फॉर्म भरायचा होता. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, आणि सुजाता नाही म्हणत होती.

"ती म्हनती मला गणित येत नाय. टॅबवर तर समदे बरोबर येतेत की तिचे. आमाला काय कळतंय त्यातलं? तुमी सांगा मॅडम, तिला येतंय का नाय? तुमी व्हय म्हन्ल्या तर म्या तिला वढत घेऊन येते."

व्हय. एक शब्द. तो खराही होता. पण तो उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आला असता — मग ती नाही का म्हणते, तिला झालं काय? आणि तो प्रश्न सुजाताला विचारला असता तर तिनं सगळं सांगितलं असतं. मी म्हणाले, "सगळ्यांनाच गणित जमतं असं नसतं हो. बळजबरी करू नका."

सरपंचांची नात असती तर मी हेच बोलले असते का? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. नसते बोलले. मुळात त्या दिवशी वर्गात तिला खाली बसवलंही नसतं. सुजाताच्या घरचं कुणी जाब विचारायला येणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत आहे हे मी स्वतःला कळू दिलं नव्हतं, इतकंच.

आईनं मान हलवली. फॉर्म भरला गेला नाही. वर्षअखेरीस सुजाता दुसऱ्या शाळेत गेली, पुढं माझीही बदली झाली, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या शाळेत.

मागच्या महिन्यात करमाडच्या फाट्यावर बसची वाट बघत उभी होते. तिची आई दिसली, तिनंच ओळखलं. पायाला हात लावायला वाकली, मी मागं सरले. सुजाता अकरावीला आहे, आर्ट्सला. गणित सोडून जे मिळालं ते घेतलं, म्हणाली. दहावीला गणितात कशीबशी सुटली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमचं लई उपकार, मॅडम. बाकीचे मास्तर लोक उगं गोड बोलतेत. तुमी एकट्यांनीच खरं सांगितलं आमाला."

मी म्हणाले, "असू द्या."

बस आली. मी चढले.