भूक लागली असेल

बुधवारी सकाळी आई गेली. मी शाळेत होते. शेजारच्या काकू मला न्यायला आल्या.

त्यानंतर घरात अण्णा आणि मी, दोघंच. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत वडिलांनाही अण्णाच म्हणत. आम्ही राहायचो ते राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं, निम्म्या साइटी, म्हणजे घरांचे प्लॉट, मोकळ्याच होत्या. संध्याकाळी ऑफिसातून आले की अण्णा सायकलवरून न उतरताच हाक मारायचे, आणि मी पुढच्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर बाजारात जायची.

बाजाराच्या तोंडाशी आईची नेहमीची फुलवाली बसायची. आई गेल्यावर ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा मी अण्णांना म्हटलं की आईची आठवण येते. त्यांनी सायकल थांबवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"आठवण नाही गं, भूक लागली असेल. स्वल्प काही खाल्लंस की बरं वाटेल," म्हणाले, आणि मला हॉटेलात नेऊन दोसा मागवला.

असं मग कितीतरी वेळा झालं. अण्णा आपल्या दोशाचा कुरकुरीत काठ मोडून माझ्या ताटात टाकायचे, कॉफी बशीत ओतून, फुंकर घालून द्यायचे. हळूहळू मी आईचं नाव काढणं सोडलं. तिची आठवण आली की "अण्णा, भूक लागली" एवढंच म्हणायची, आणि ते लगबगीनं, जवळजवळ आनंदानंच सायकल काढायचे. इतकी माया करणाऱ्या माणसाबद्दल तक्रार कसली करायची? पण परतताना आठवण तशीच असायची, आणि मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी चुकतंय.

कॉलेजात गेल्यावर एकदा वर्गातली मैत्रीण लायब्ररीत डोळे पुसत बसलेली दिसली. तिची आई इस्पितळात होती. मी तिला म्हटलं, कँटीनला चल, भूक लागली असेल.

"भूक कसली? मला भीती वाटतेय," ती म्हणाली. रागावून नव्हे, साधंच.

असं सरळ सांगता येतं, याचंच मला नवल वाटलं. मी पुस्तक मिटून तिच्याजवळ बसले. ती बराच वेळ बोलत राहिली.

त्या संध्याकाळी माझा चेहरा पाहून अण्णांनी मला हॉटेलात नेलं. वेटर यायच्या आधी मी म्हणाले, "अण्णा, मला भूक नाही. आईची आठवण येते. लहानपणीही तीच यायची."

टेबलावर सांडलेलं पाणी ते बोटानं पुसत राहिले. "मग तेव्हाच सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही दोसा मागवलात."

त्यांना हसू आलं, पण पुरतं आलं नाही. "तू रडली असतीस," ते म्हणाले. "तू रडलीस की काय करायचं, ते तुझ्या आईला ठाऊक होतं. मला दोसा मागवता येत होता."

वेटर आला. अण्णांनी नुसती कॉफी सांगितली, आणि मग ते आईबद्दल बोलू लागले. तिला हॉटेलातली कॉफी पाणचट वाटायची. रस्ता ओलांडताना ती त्यांची बाही धरायची. हे मला माहीतच नव्हतं. मी विचारत गेले, आणि पुढेही, ते खुशीत असले की, विचारत राहिले.

अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांनी सांगितलेलं माझ्याजवळ आहे. आणखी विचारायला आता कोणी नाही.