कडू म्हण

शाळा माजी सहावीतच सुटली. लगीन होऊन वालूरकडं आले तवा भाकर बी थापता येत नव्हती. माज्या जावंनं शिकिवली. मी तिला अक्का म्हणते, लेक तिला मोठीआई म्हणती. सख्ख्या बहिणीवर न्हाई तेवढा भरोसा व्हता माजा.

तिला म्या दोनदा सांगितल्तं, "अक्का, गवऱ्याच्या ढिगात कुकरावानी शिट्टी वाजायली. लेकराला तिकडं धाडू नगा."

ती हसली. "शिट्टी तुज्या डोस्क्यात वाजायली!"

त्या दिशी कापूस येचून दुपारी घरी आले तर पाच वर्साची लेक ओसरीवर पाय धरून बसल्याली. घोट्यापशी दोन ठिपके, पाय टम्म सुजल्याला.

"अक्का, काय झालं वं हिला?"

"इंचू असंल. लिंबाचा पाला चारलाय. इचार तिलाच, कडू लागला का न्हाई."

"कडू लागला," लेक म्हणली.

आमच्याकडं असंच बघतेत. साप चावल्याला लिंब ग्वाड लागतो म्हणं. कडू लागला की घोर गेला. माजा बी गेला. हळद लावली अन् भाकर खायला बसले हो मी!

घास तोंडात व्हता, तवर लेकीच्या हिरड्यातून रगत यायलं. चूळ भरायला हात उघडला तर मुठीत इरघळल्याली लिमलेटची गोळी.

"ही कुणी दिली?"

"मोठीआईनं. पाला म्या थुकला. ती म्हणली, कडू म्हण, गोळी देते. तिनं मला गवऱ्या आणायला धाडल्तं, ते सांगू नगंस म्हणली."

मालकाच्या फटफटीवर लेकीला मधी धरून सेलू गाठलं. सारी वाट मी तिला हलवायले, झोपू नगं, झोपू नगं. डाक्टर म्हणले घोणस हाय, अन् लिंब समद्यालाच कडू लागतो बाई, इख असू न्हाईतर नसू.

सुया लागल्या. चौथ्या दिशी लेक जेवली.

अक्का डबा घिऊन आली, दारातच हुबी ऱ्हायली. "मला वाटलं, खरं सांगितलं तर तू लय बोलशील मला."

बोलले असते, अक्का. निस्तं बोललेच असते ना.

लेक समदं इसरली. आजबी अक्काच्याच मांडीवर बसून खाती. अन् मी हातातलं काम टाकून पळत जाते, इचारते, कसं लागतंय गं, खरं सांग.