माझं नसलेलं इरलं

जव्हार-मोखाड्याच्या सगळ्या डोंगरपट्टीत आमच्या विहीणबाईंइतकं सुरेख खोटं बोलणारं माणूस दुसरं सापडायचं नाही, आणि त्या खोट्यावर माझ्याइतका मनापासून विश्वास ठेवणारं तर नाहीच नाही. म्हणून आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. एका आषाढात मी माझ्या नातीसाठी विणलेलं इरलं स्वतःच्या डोक्यावर चढवलं, “अगंबाई, माझ्यासाठी? कशाला एवढा त्रास घेतलात!” असं लाजत म्हणाले, आणि ते घेऊन पोशेऱ्याहून जव्हारला निघून आले. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे बासष्ट वर्षांची. शाळेतून निवृत्त झालेली, चष्मा नवा, ठसका जुना, आणि जगात आपल्याला न कळलेलं असं काही उरलेलं नाही याची पक्की खात्री. ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. पोशेऱ्याला डोंगराच्या पोटाशी त्यांचं घर, खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी. लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं, “आमची पोर कवा उलटून बोलत नाय, इहीनबाय.” लग्नाला आठवडा व्हायच्या आत सुनेने माझ्या आमटीपासून माझ्या मुलाच्या घोरण्यापर्यंत सगळ्यावर आपलं मत दिलं. तरी मला विहीणबाईंचा राग आला नाही, कारण त्या खोटं बोलतात ते फायद्यासाठी नव्हे. एखादीचा गळा जात्याच गोड असतो, तसं त्यांचं हे आहे. जीपमध्ये शेजारणीला सांगताना त्या कधी सुईण असतात, कधी सरपंचाची सासू. एकदा मांडीवरच्या पिशवीतून कोंबडी ओरडली, तर ड्रायव्हरला म्हणाल्या, “मोबाइल हाय. पोराने असाच आवाज लावून दिलाय.” पुढच्या वळणापर्यंत कोंबडी आणखी दोनदा ओरडली, तेव्हा ड्रायव्हरच म्हणाला, “मावशी, उचला की. कोणी तरी तातडीचं दिसतंय.”

त्यांचं खोटं ओळखायची खूण मला फार उशिरा सापडली. खोटं बोलताना विहीणबाई सरळ तुमच्या डोळ्यांत बघतात, अगदी प्रेमाने. खरं बोलायची वेळ आली की मात्र त्यांना एकदम सुपातला खडा दिसतो, चुलीतलं लाकूड सरकवायचं असतं, काहीच नसलं तर नखातली माती. अर्थात, सूप त्यांच्या हातात नसेल तर ते तुमच्या हातात असतं. आलेल्या माणसाला पाण्याच्या तांब्यापाठोपाठ काम द्यायचं, हा त्यांच्या घरचा पाहुणचार. पहिल्यांदा विहीण म्हणून मी काठापदराची साडी नेसून, अत्तराचा फाया लावून गेले होते. आल्या आल्या नाचणी पाखडायला बसवलं. तासाभराने अत्तर कुठे आणि मी कुठे. “साडी लई झ्याक हाय तुमची,” असं त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण माझ्या नातीने सोडू दिलं नाही. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि जगाच्या लेखी मुलगा होती. तेव्हाचं तिचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या घरात ते आता कोणी घेत नाही. सुट्टी लागली रे लागली की ही पोशेऱ्याला. जव्हारला माझ्याकडे काय नव्हतं? कॅरम होता, टीव्ही होता, गोष्टी सांगणारी, शुद्धलेखन तपासणारी, पोटात मावेल त्याहून जास्त लाडू करणारी आजी होती. तरी हिचं दप्तर कोपऱ्यात आणि डोळे मोखाड्याच्या जीपकडे. परत आली की बोलणं एकच. पोशेऱ्याची आजी अशी बसते, पोशेऱ्याची आजी असं म्हणते. एकदा तर माझ्या हातची भाकरी खाताना पोरगी डोळे मिटून म्हणाली, “जवळजवळ तिथल्यासारखीच झालीय.” त्या ‘जवळजवळ’ने माझा आठवडा खाल्ला. इतका मत्सर मी उभ्या आयुष्यात कुणाचा केला नव्हता. शेजारच्या वर्गाचा निकाल माझ्या वर्गापेक्षा चांगला लागला तेव्हाही नाही.

आता इरल्याचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं, डोक्यावरून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. वाकून भात लावणाऱ्या बायकांसाठी याहून सोयीचं छत अजून निघालेलं नाही. हल्ली सगळीकडे प्लास्टिकचा कागद आला, पण विहीणबाईंना त्याचा तिटकारा. “कागदाखाली मानूस अंड्यासारखा उकडतो,” असं त्यांचं मत. त्यांच्या घरची रीत अशी की मुलगी पहिल्यांदा आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, ओळीत उभी राहते त्या वर्षी तिच्या आईच्या आईने तिला इरलं विणून द्यायचं, तिच्या पाठीच्या मापाचं. पुरुष नांगरामागे चिखलात, खांद्यावर घोंगडी. बायका ओळीत, पाठीवर इरलं. ही रीत मला माहीत नव्हती. मी गेले तेव्हा ओसरीत एक नवंकोरं, हिरवंगार इरलं टांगलेलं होतं. घरातल्या बायकांची जुनी इरली शेजारी होतीच. म्हणजे हे नवं कुणाचं? मत्सरी माणसाला एक फार मोठा रोग असतो: त्याला मधूनमधून वाटतं की आता आपली पाळी आली. मी ते काढलं आणि डोक्यावर घातलं. ते माझ्या खांद्यांच्या जरा खालीच संपत होतं. मला वाटलं, नवी फॅशन असेल.

“माझ्यासाठी ना?” मी विचारलं. नात विहीणबाईंना खेटून उभी होती. ती त्यांच्याकडे बघत होती, त्या तिच्याकडे. दोघी काहीतरी पुटपुटल्या. मग विहीणबाईंनी मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत सरळ बघत, तोंडभर हसून म्हणाल्या, “तुमच्यासाठीच, इहीनबाय. नाय तं कोनासाठी?” परतीच्या जीपमध्ये ते इरलं उलटं धरून मी असा काही थाट केला की शेजारच्या माणसाला अर्धं बाहेर लटकावं लागलं. घरी आल्यावर हॉलमध्ये, बरोबर टीव्हीच्या वर, मी ते खिळ्याला टांगलं. त्यात प्लास्टिकची फुलं खोचली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, “आमच्या विहीणबाईंनी खास माझ्यासाठी विणलं. फार जीव आहे त्यांचा माझ्यावर.”

आवणी सुरू झाली, नात पोशेऱ्याला गेली, आणि मागोमाग शनिवारी मी लाडवांचा डबा घेऊन निघाले. वरून निमित्त पाहुणचाराचं, आतून नात फितवण्याचं. बांधावर उभी राहून बघते तर खाचरात बायकांची ओळ वाकलेली, पाठींवर इरली, आणि मधेच एक पाठ खताच्या निळ्या पिशवीखाली. पिशवी आखूड, पाठ भिजून चिंब. “ही कोण हो?” मी विचारलं. विहीणबाई ताठ उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “शेजारनीची भाची.” मी शेजारणीच्या भाचीची कणव येऊन तिला हाक मारली, “ये गं बाळ, लाडू घे.” भाचीने मान वर केली. चिखलाचे हात पाठीमागे धरून बांधापर्यंत आली आणि म्हणाली, “आजी, मी आहे.” मग एका दमात, पाठ केलेल्या कवितेसारखं: “मी मुलगी आहे, आजी. आधीपासूनच आहे. पोशेऱ्याच्या आजीला माहीत आहे. आईबाबांना पण. तुला सांगायचंच होतं, पण तू लगेच का म्हणून विचारशील असं वाटलं.”

अशा वेळी आजीने काय बोलावं? पोरीला जवळ घ्यावं, निदान डोळे पुसावेत. मी लाडवाचा डबा छातीशी धरून ओरडले, “म्हणजे सगळ्यांना कळून मला शेवटी?” आख्खी ओळ हसायला लागली. पोरगीही. आज वाटतं, बरं झालं. त्या क्षणी माझ्यात मत्सर इतका ठासून भरलेला होता की दुसरं वाईट काही शिरायला जागाच नव्हती. भीती, लोक काय म्हणतील, माझंच काही चुकलं का, हे सगळं नंतर आलं, आणि आलं तेव्हा पोरीला मी आधीच विचारून बसले होते, “मग तुला इरलं का नाही गं दिलं या बाईने?” ओळीतलं हसू थांबलं. विहीणबाईंना चिखलात एकदम गवताची काडी दिसली. ती उपटत, खाली बघत त्या म्हणाल्या, “दिला होता की. तुमच्या हालात टांगलाय.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने मी इरलं परत आणलं. प्लास्टिकची फुलं काढताना दोन पानं फाटली, ती विहीणबाईंनी बदलली. नातीच्या पाठीवर ते मानेपासून कमरेपर्यंत असं बसलं की फॅशनचा प्रश्नच मिटला.

पुढची वर्षं सोपी गेली असं सांगितलं तर मी विहीणबाईंच्या पंक्तीला बसेन. मात्र विहीणबाईंनाही सगळं आपोआप जमलं असं नाही. मुलगी म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच सुट्टीत तिला पाणी, भांडी, शेण सगळं करायला लावलं; शेवटी पोर म्हणाली, “आजी, मुलगी आहे म्हणजे गडी नाही.” हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. नावावरून तर आमची लढाईच झाली. मी ‘मुक्ता’वर अडून, त्या आपल्या आईच्या ‘सोमी’वर. पोरीने ‘श्रेया’ ठेवलं, आणि तिच्या वर्गात आधीच तीन श्रेया होत्या. नववीत कुणी काही बोललं आणि ती शाळेत जाईना. माझा मुलगा, जो घरात ‘मीठ द्या’सुद्धा हळू म्हणतो, मुख्याध्यापकांसमोर बसून राहिला, त्यांनी ऐकेपर्यंत. सून पोरीला घेऊन नाशिकच्या डॉक्टरीणबाईंकडे जात राहिली. आणि विहीणबाई कोंबडीसकट माझ्या घरी राहायला आल्या. महिनाभर आम्ही दोघी तिला शाळेत सोडायला जायचो, एक या हाताला, एक त्या हाताला, आणि वाटेत भांडायचो तिची वेणी कोण घालणार यावर. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले. हळद मला अजून सापडत नाही.

त्या दिवसांत त्यांच्या खोट्याचं मला प्रथमच कौतुक वाटलं. जीपमध्ये एक बाई श्रेयाकडे सारखी बघत होती, अखेर विहीणबाईंना कोपराने ढोसून म्हणाली, “हा पोरगा का पोरगी?” विहीणबाईंनी तिच्या डोळ्यांत अगदी प्रेमाने बघितलं. “हळू बोल गो बाय,” त्या म्हणाल्या, “कलेक्टर हाय. साध्या कपड्यात फिरतेय, कोन काय बोलतो ते बघाया.” ती बाई मोखाडा येईस्तोवर बसल्या जागी सावरून बसली आणि उतरताना श्रेयाला नमस्कार करून गेली. श्रेया माझ्या नव्हे, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. मी खिडकीबाहेर बघितलं. हसू मलाही येत होतं, पण जळणं थांबत नव्हतं.

आता श्रेया नाशिकला शिकते. आवणीला येते, चुकवत नाही. उंच झाली म्हणून इरलं दोनदा नवं विणून झालं. विहीणबाईंची बोटं आताशा वळत नाहीत, कामट्या हातातून सुटतात. तरी यंदा गेले तर ओसरीत आणखी एक नवं इरलं. मी शहाणी झालेय. हात लावला नाही. श्रेयाने ते काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. कमरेपर्यंत आलं. “हे तरी माझंच ना?” मी विचारलं. विहीणबाई चुलीतलं लाकूड सरकवत म्हणाल्या, “मंग कोनाचा?”

सत्तरीला गुडघे आवणीसाठी नसतात, पण मी उतरले. चिखल पोटऱ्यांपर्यंत. एका बाजूला श्रेया, माझ्या वाट्याची रोपंही लावत होती आणि मला कळू देत नव्हती. दुसऱ्या बाजूला विहीणबाई. इरल्याखाली वाकलं की शेजारणीचा चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतात, रोप खोवणारे. त्यामुळे त्या माझ्याकडे बघत होत्या की चिखलाकडे, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. श्रेया रोपांची जुडी आणायला बांधाकडे गेली तेव्हा त्या हलक्या आवाजात बोलल्या.

“त्या दिशी तुम्ही इरला घातलात तवा मी पोरीच्या कानात म्हनले, मागून घेऊ का गो? तवा ती म्हनली, नको, जव्हारच्या आजीला बघ किती आनंद झालाय, राहू दे तिला, मला मंग कवा तरी वीण. येवढी वर्सं ह्या तुमाला सांगितला नाय मी, इहीनबाय. तुमच्यावर लई जळले होते मी.”