बायकोचं मौन आणि आईची नजर

आम्हा नवरा-बायकोला एकमेकांशी बोलावंच लागत नाही, ती नुसती बघते आणि मला कळतं, असं मी नातेवाइकांत अभिमानानं सांगत असे. तेव्हा बायको शेजारीच बसलेली असायची. काही बोलायची नाही. मी ती तिची संमती धरायचो.

मग तिचा आवाज बसला. ती शाळेत शिकवते. भरलेल्या वर्गात ओरडून ओरडून घशात गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी पंधरा दिवस पूर्ण मौन सांगितलं, कुजबुजसुद्धा नको. ती लगेच मोबाइलवर काहीतरी लिहायला लागली. मी तिचा हात धरून म्हणालो, "लिहायची काय गरज? मी आहे ना." डॉक्टरांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. बायकोनं छताकडं.

दुसऱ्याच दिवशी नळाला पाणी आलं आणि मी गच्चीवरची टाकी भरायला मोटर लावली. आमच्या शहरात पाणी आलं की माणूस जेवण सोडून उठतो. पिठाचे हात घेऊन बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं वर बोट दाखवलं. मी पंखा बंद केला. तिनं पुन्हा वर दाखवलं. मी पंखा लावला. तिनं कपाळावर हात मारला, तेव्हा डोकं दुखतंय हे ओळखून मी बाम आणला. तोवर टाकी भरून पाणी जिन्यातून खाली यायला लागलं होतं.

रविवारी औरंगपुऱ्याच्या बाजारात साडी घ्यायला गेलो. दुकानदारानं जांभळी साडी पसरली. बायकोनं भुवया उंचावून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मी म्हणालो, "बांधा, पसंत आहे." बाहेर आल्यावर तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात लिहिलं होतं, 'मी म्हणत होते, चला इथून.'

त्याच आठवड्यात पिशोरहून आई आली. ती तिथं माझ्या धाकट्या भावाकडं शेतावर राहते. तिचं आणि माझ्या बायकोचं लग्नापासून पटलेलं नाही. सुनेला बोलता येत नाही हे कळल्यावरच ती कशी काय आली, असं माझ्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी मी चहा केला. बायकोनं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"तिला चहा कशाला दिलास रे?" आई म्हणाली. "पोटात जळजळायलंय तिच्या. ताक दे."

"तिनं कधी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? दुपारधरनं पोट दाबून बसली, दिसत नाय का?"

बायकोनं मान डोलावली. मी ताक आणलं.

पुढं रोज हेच. बायकोनं हात पुढं केला की आई डबा द्यायची, आणि तो बरोबर हवा तोच डबा असायचा. एकदा टीव्ही बघताना दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि एकदमच हसू फुटलं. "काय झालं?" मी विचारलं. एकीला बोलायची बंदी होती. दुसरीनं सांगितलं नाही.

आई मेथी निवडत होती तेव्हा मी विषय काढलाच. "तुमचं तर पटत नाही. मग तुला तिचं सगळं कळतं कसं?"

"पटत नाय म्हणूनच," आई म्हणाली. "लगीन होऊन आली तवापासून तिच्या तोंडाकडंच बघत आले. कवा काय बोलंल, कशाचा राग यील, ध्यान ठेवावं लागतं. तुझं काय, तू निवांत."

मौनाचे पंधरा दिवस संपल्यावर आम्ही तिघं डॉक्टरांकडं गेलो. "बोला आता काहीतरी, हळूहळू," ते म्हणाले. मी खुर्ची पुढं ओढली. बायकोनं मान वळवली ती आईकडं.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "उठता-बसता ओठ दाबता तुम्ही. गुडघा दुखतोय ना?"

आई दचकली. "काय नाय, जरासा."

"जरासा नाही. लई दुखतोय."

आईनं मान खाली घातली. ती एवढंच म्हणाली, "व्हय." माझ्याशी ती रोज तासभर गप्पा मारत होती, पण गुडघ्याचं अवाक्षर काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं तिला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. आईला कापूस वेचणीला परत जायचं होतं. बायकोनं तिची पिशवी कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली. तिथून दोघींची जी भांडणं सुरू झाली ती आई दिवाळीपर्यंत राहिली तरी संपली नाहीत. शेजारणीनं एकदा मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "सासू-सुनेचं फारच बिनसलंय का हो?"

"नाही हो," मी म्हणालो, "आता कुठं जमायला लागलंय." तिला ते अजिबात पटलं नाही.