गॅस पेटला की साहेब जाणार

शेणाच्या टाकीसारखंच असतं बघा किश्श्यांचं. वर नुसती साय धरलेली, वाटतं खाली काय नाही. काठी घालून ढवळलं की बुडबुडेच बुडबुडे. आता तुम्ही ढवळलंच आहे तर ऐका.

माजिवड्याच्या पुढे युनिव्हर्सिटीचं होस्टेल होतं. अठ्ठ्याऐंशीच्या आसपास वरून ठरलं, इथे उन्हावर आंघोळीचं पाणी तापवायचं आणि शेणाच्या गॅसवर मेस चालवायची. काम बघायला राणे साहेब आले. एकटा माणूस, लग्न नाही केलेलं. आणि बिगारी बायकांच्या गँगची मुकादम मी. कोलशेतची कोळीण, चौथी नापास, नवरा जाऊन वर्षं झालेली.

*

गच्चीवर सोलरच्या काचा बसवल्या. दोन दिवसांनी पोरांची बोंब, पाणी गारच. साहेब धावत वर गेले. बघतात तर काचांवर बोंबील वाळत घातलेले, ओळीने.

"बाई, हे काय?"

"साहेब, एवढं ऊन फुकट चाललेलं."

दुसऱ्या दिवशी मी बोंबलाची चटणी नेली, तर साहेबांनी डबा बोटाने पुसून परत दिला.

*

शिमगा आला. आम्हा कोळ्यांचा मोठा सण, आणि साहेब सुट्टी देईनात. म्हणे काम मागे पडलंय. ते पाण्याच्या टाकीवर चढले तशी मी शिडी काढून घेतली.

"बाई, शिडी लावा."

"सुट्टी द्या."

मग म्हणाले, "अर्धा दिवस."

"मग अर्धीच शिडी लावते."

पूर्ण दिवस मिळाला. संध्याकाळी होळीला साहेब पण आले कोलशेतला. कोपऱ्यात उभे राहिले, हातात नारळ घेऊन, कुठे टाकायचा ते कळत नव्हतं.

*

मेसचे महाराज राजस्थानचे. अडून बसले, "गोबर के गॅस पे मेरी दाल नहीं पकेगी."

मी म्हटलं, "महाराज, गावाला बाटी कशावर भाजता?"

"गोवरी पे."

"ती काय चंदनाची असते?"

साहेब टाकीमागे जाऊन हसले. समोर हसायचे नाहीत कधी.

*

गॅसच्या टाकीचा घुमट झाला, तबेल्यातून शेण आलं, भरलं. आता फक्त गॅस पेटायचा बाकी. आणि तो पेटला की साहेबांची पुण्याला बदली, हे सगळ्यांना ठाऊक.

पहिले काही दिवस नुसती हवा येते, पेटत नाही. साहेब रोज काडी लावायचे. विझली की त्यांचं तोंड पडायचं.

आमची सखू म्हणायची, "मुकादमबाई, काडी विझली की तुझं तोंड का गं फुलतं?"

"घमेलं उचल तू," मी म्हणायची.

आता होस्टेलच्या जागी टॉवर आहेत. रिक्षाने जाताना मान वळते अजून. मेली सवय.

*

शेवटी एका सकाळी पेटला. युनिव्हर्सिटीचे मोठे साहेब आलेले, हार-नारळ झालेला. राणे साहेबांनी काडी लावली आणि शेगडीवर वीतभर निळी ज्योत उभी राहिली. महाराजांनी चहाचं आधण चढवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा, पण दोरा काही सोडला नाही मी.

मोठे साहेब म्हणाले, "राणे, झालं की काम. पुण्याला कधी निघताय?"

राणे साहेब वाकले. ज्योत बघत राहिले, चांगला बराच वेळ. मग सरळ उभे राहून म्हणाले, "प्रेशर कमी वाटतंय सर. मला अजून थोडं थांबावं लागेल."

त्यांच्या पाठीमागे चहा भसाभस उतू गेला.